सायबर जागृतीचं लेखाशीर्ष कुठाय?

२०२४ या एका वर्षात आपल्या देशातल्या लोकांचे २२,८४५ कोटी रुपये सायबर फसवणुकीत गेले. हा व्हॉट्सॲपवर फिरणारा आकडा नाही, केंद्रीय गृह मंत्रालयाने संसदेत दिलेला आहे. आणि त्याच्या आदल्या वर्षी, २०२३ ला, तो ७,४६५ कोटी होता. म्हणजे एका वर्षात तिपटीच्या वर. आता याच्या शेजारी दुसरा आकडा ठेवून बघा. ग्रामीण भागातल्या सहा कोटी लोकांना कॉम्प्युटर-मोबाइल वापरायला शिकवायचं म्हणून केंद्राने २०१७ ला प्रधानमंत्री ग्रामीण डिजिटल साक्षरता अभियान आणलं, त्याला सगळी मिळून मंजुरी होती २,३५१ कोटींची. सहा कोटी माणसांना शिकवायला जेवढी रक्कम ठरवली, त्याच्या जवळपास दहापट रक्कम लोकांच्या खात्यातून एका वर्षात चोरांनी नेली. मला हा हिशोब पहिल्यांदा लक्षात आला तेव्हापासून हे लिहायचं होतं.

मी एका तालुक्याच्या गावी हायस्कूलला शिकवते. विषय विज्ञान. पण शाळा सुटल्यावर आणि रविवारी मी आणि माझी एक मैत्रीण, ती बँकेतून रिटायर झालीय, आम्ही दोघी बचत गटात, ज्येष्ठ नागरिक संघात, कधी एखाद्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये, जिथे बोलावतील तिथे जाऊन लोकांना ऑनलाइन फसवणुकीबद्दल सांगतो. फुकट. पेट्रोल आमचं, झेरॉक्स आमची, आणि त्याबद्दल तक्रार अजिबात नाही, आवडतं म्हणूनच करतो. पण हे करताना एक गोष्ट फार स्पष्ट दिसायला लागली ती अशी की सायबर सुरक्षेसाठी सरकारकडे पैसा नाही हे खरं नाहीये, पैसा आहे, भरपूर आहे, फक्त तो मशीनसाठी आहे, बिल्डिंगसाठी आहे, सॉफ्टवेअरसाठी आहे, पोस्टरसाठी पण आहे, पण एका माणसाने दुसऱ्या माणसासमोर बसून त्याच्या भाषेत, त्याच्या मोबाइलवर, त्याच्या शंका संपेपर्यंत समजावून सांगावं यासाठी कुठे तरतूदच नाही. सरकारी भाषेत सांगायचं तर त्याला लेखाशीर्ष, म्हणजे बजेटमध्ये त्या खर्चाचं स्वतंत्र खातं, नाही, आणि ज्याला लेखाशीर्ष नाही ते काम सरकारी कागदावर अस्तित्वातच नसतं.

आधी पैसा कुठे जातो ते बघू, आणि तो वाया जातो असं मी म्हणत नाहीये हे नीट वाचा. २०१८ ला केंद्राने भारतीय सायबर गुन्हे समन्वय केंद्र, म्हणजे ज्याला आय-फोर-सी म्हणतात, त्याला मंजुरी दिली, ४१५ कोटींच्या वर खर्च धरून, आणि जानेवारी २०२० ला त्याचं उद्घाटन झालं. ऑनलाइन पैसे गेले की तक्रार करायची ती १९३० हेल्पलाइन, सायबर क्राइमचं राष्ट्रीय पोर्टल, हे सगळं याच व्यवस्थेतून चालतं. आणि ते चालतं हो! जुलै २०२५ ला लोकसभेत सांगितलं गेलं की या यंत्रणेने तोपर्यंत ५,४८९ कोटींच्या वर रक्कम वाचवली, १७ लाखांपेक्षा जास्त तक्रारींमध्ये. निर्भया फंडातून महिला आणि मुलांवरचे सायबर गुन्हे रोखायची एक योजना आहे, त्यात जनजागृती हा भाग कागदावर होता, पण राज्यांना त्यातून जे १३१ कोटी ६० लाख दिले गेले ते फॉरेन्सिक लॅब, ज्युनियर सायबर कन्सल्टंट, आणि पोलीस, सरकारी वकील, न्यायाधीश यांच्या ट्रेनिंगसाठी. चांगलंच आहे ते, पोलिसांना कळलंच पाहिजे. आपल्या महाराष्ट्र सरकारने २०२३ ला ८३७ कोटींचा सायबर सुरक्षा प्रकल्प मंजूर केला, नवी मुंबईत महापेला त्याचं केंद्र उभं राहिलं. तेही हवंच होतं.

पण हे सगळं बघितलं की लक्षात येतं की जवळजवळ प्रत्येक रुपया चोरी झाल्यानंतरच्या कामावर आहे. चोर पकडायचा, पैसे गोठवायचे, पुरावा तपासायचा. चोरी व्हायच्या आधीचं काम म्हणजे काय, तर कॉलर ट्यून. ती अमिताभ बच्चन यांच्या आवाजातली आठवतेय ना, फोन लावला की आधी ती ऐकायची, लोक इतके वैतागले की जून २०२५ मध्ये ती बंद करावी लागली. मला ती ट्यून मनापासून योग्य वाटत होती, कारण ती खरंच सगळ्यांपर्यंत पोचली, शेतात काम करणाऱ्या बाईपर्यंत पोचली. पण ट्यूनला प्रश्न विचारता येत नाही. आणि या विषयात सगळं काही प्रश्नांमध्येच आहे.

म्हणजे काय ते सांगते. ज्येष्ठ नागरिक संघात आम्ही एक सराव घेतो. एका काकांना उभं करायचं आणि सांगायचं, काका, समजा आत्ता तुमच्या खात्यातून वीस हजार गेले, मी १९३० वरची ऑपरेटर, लावा फोन. काका एसटीतून रिटायर झालेले, आवाज खणखणीत. सुरुवात कशी होते? "अहो मॅडम, मी सकाळी नातवाला शाळेत सोडून आलो, चहा घेत होतो, तेवढ्यात एक फोन आला, तो माणूस इतका गोड बोलत होता..." मी मध्येच थांबवते. काका, कुठल्या बँकेतून गेले? किती वाजता गेले? व्यवहार क्रमांक सांगा. आणि इथे सगळा हॉल अडकतो. व्यवहार क्रमांक म्हणजे काय, तो असतो कुठे, कुणालाच माहिती नसतं. मग आम्ही प्रत्येकाला स्वतःचा फोन काढायला लावतो, चष्मे येतात बाहेर, शेवटचं पेमेंट उघडा, कुणाचं किराणा दुकानाचं, कुणाचं लाइट बिल, तिथे खाली बारीक अक्षरात बारा आकडी नंबर असतो तो दाखवा. काहींच्या फोनवर अक्षरं इतकी बारीक की आधी फॉन्ट मोठा करून द्यावा लागतो. अर्धा-पाऊण तास यातच जातो, आणि मी सांगते तो अर्धा-पाऊण तास म्हणजे सगळ्या लेक्चरपेक्षा मोलाचा असतो, कारण ज्या दिवशी खरंच पैसे जातील त्या दिवशी हात थरथरत असतात, डोकं चालत नाही, तेव्हा हातांना सवय असेल तरच काहीतरी होतं.

घाई का, तर यंत्रणा चालते कशी ते बघा. तुम्ही १९३० ला फोन केला की तिथला माणूस सिस्टिममध्ये तक्रार टाकतो, ती लगेच तुमच्या बँकेकडे आणि पैसे ज्या खात्यात गेले त्या बँकेकडे जाते. पैसे तिथे असतील तर ती बँक तेवढी रक्कम होल्ड करते, पुढच्या खात्यात गेले असतील तर तक्रार त्या पुढच्या बँकेच्या मागे लागते, असं साखळीने चालतं. चोरांना हे माहितीये, म्हणून ते पैसे आल्या आल्या पाच-दहा खात्यांत फोडतात, एटीएममधून काढतात, नाहीतर क्रिप्टो घेतात. एकदा रोख बाहेर पडली की साखळी तुटली. म्हणून पहिला तास. आणि आमच्याकडे लोक काय करतात? आधी मुलाला फोन लावतात, मुलगा पुण्यात, तो मीटिंगमध्ये, संध्याकाळी उचलतो. मग दुसऱ्या दिवशी बँकेत जातात, तिथे सांगतात पोलीस स्टेशनला जा, पोलीस स्टेशनला सांगतात सायबरला जा, ते जिल्ह्याच्या ठिकाणी. तोपर्यंत पैसे कुठच्या कुठे गेलेले असतात.

त्याच कार्यक्रमात एका आजींनी विचारलं, "बाई, मी तो नंबर लावला आणि तिकडून परत चोरच बोलला तर?" टाळ्या वाजवाव्यात असा प्रश्न! कारण हे होतं, लोक हेल्पलाइनचा नंबर गुगलवर शोधतात आणि चोरांनी टाकलेला नंबर वर येतो. त्यांना सांगितलं, आजी, शोधायचाच नाही, १९३० एवढेच चार आकडे स्वतः दाबायचे, आणि तिकडून कुणी ओटीपी किंवा पिन मागितला तर लगेच फोन ठेवायचा, खरे लोक ते कधीच मागत नाहीत. आता सांगा, असा प्रश्न पोस्टरला कोण विचारणार?

शाळा-कॉलेजात जो प्रकार चालतो त्याबद्दलही बोलायलाच हवं, कारण जागृती म्हटलं की सगळ्यांना फक्त फसवले जाणारे म्हातारे लोक दिसतात. गुन्हा करणाऱ्या बाजूला कोण ओढलं जातंय ते दिसत नाही. बारावी झालेली, फर्स्ट इयरची पोरं. त्यांना इन्स्टावर, टेलिग्रामवर, नाहीतर ओळखीच्या एखाद्या दादाकडून ऑफर येते की तुझं बँक खातं वापरायला दे, काही करायचं नाही, महिन्याला पाच-सात हजार. पासबुक, एटीएम कार्ड, खात्याला जोडलेलं सिम, सगळं किटच घेऊन जातात. पोलीस याला म्यूल अकाउंट म्हणतात, मुलं म्हणतात "खातं भाड्याने दिलं". आणि मग त्या खात्यातून कुणा अनोळखी माणसाचे लाखो रुपये फिरतात आणि एक दिवस दुसऱ्याच राज्यातल्या पोलिसांची नोटीस घरी येते, भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम ३५, हजर व्हा म्हणून. बापाला काही कळत नाही, तो शेतकरी माणूस, त्याला आधी वाटतं पोरगा कुठल्या भांडणात अडकला.

मी वर्गात हे सांगते तेव्हा कायद्याची कलमं सांगून काही होत नाही. पण आमच्या भागातली अर्धी मुलं पोलीस भरतीची तयारी करतात, पहाटे ग्राउंडवर पळत असतात. त्यांना सांगितलं की बाबा, असा गुन्हा नावावर लागला की चारित्र्य पडताळणीत काय होईल, तेव्हा ती सावरून बसतात. तास संपल्यावर एक-दोघं तरी हळूच येऊन विचारतात, मॅडम, मित्राने दिलंय खातं, आता काय करायचं? मग त्यांना सांगायचं, आजच्या आज बँकेत जा, लेखी अर्ज दे, खातं बंद कर, कार्ड ब्लॉक कर, सिम बंद कर, घरी सांग आणि वडिलांना घेऊन पोलिसांना भेट. हे संभाषण त्या मुलाच्या आयुष्यात किती महत्त्वाचं असेल याची किंमत कशी करणार. आणि हे होण्यासाठी वर्गात असा कुणीतरी लागतो ज्याच्याकडे पोरं उद्याही येऊ शकतात. बाहेरून तासाभरासाठी आलेल्या पाहुण्याकडे ती येत नाहीत.

मुलींच्या बाबतीत तर हे अजूनच. फोटो मॉर्फ करून धमक्या, जुन्या मित्राने स्क्रीनशॉट पसरवणं, गेममध्ये ओळख झालेल्या माणसाने फोटो मागणं. ऑक्टोबर २०२५ ला मुंबईत सायबर जागृती महिन्याच्या कार्यक्रमात अक्षय कुमारने स्वतःच्या मुलीला गेम खेळताना असा मेसेज आल्याचं जाहीर सांगितलं आणि मुख्यमंत्र्यांसमोरच मागणी केली की सातवी ते दहावीला दर आठवड्याला एक सायबरचा तास हवा. तिने लगेच बंद करून आईला सांगितलं, म्हणून वाचली. आमच्या मुली आईला सांगत नाहीत, कारण सांगितलं की पहिल्यांदा मोबाइल जातो आणि नंतर शाळा जाते. त्या भीतीवर चोर जगतात. त्यांना कुणीतरी सांगायला हवं की पोर्टलवर महिला आणि मुलांविरुद्धच्या गुन्ह्याची तक्रार नाव न देताही करता येते, १०९८ ही चाइल्डलाइन आहे. आणि मुलांनाही सांगायला हवं की अठराच्या आतल्या कुणाचाही असा फोटो नुसता फोनमध्ये ठेवला तरी गुन्हा होऊ शकतो, सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २०२४ मध्ये ते अगदी स्पष्ट केलंय, आणि त्याच निकालात लैंगिक शिक्षणाच्या कार्यक्रमांची गरजही सांगितलीय. न्यायालय म्हणतं शिकवा. शिकवायचं कुणी?

तर तो आठवड्याचा तास. माझा पूर्ण पाठिंबा आहे, पण शाळेत असल्यामुळे पुढचा प्रश्न लगेच दिसतो. आपल्याकडे केंद्राच्या आयसीटी, म्हणजे शाळांत कॉम्प्युटर शिक्षण द्यायच्या, योजनेतून टप्प्याटप्प्याने हजारो शाळांना कॉम्प्युटर लॅब मिळाल्या, कंपन्यांशी पाच वर्षांचा करार, त्यात कंत्राटी शिक्षक. करार संपले, शिक्षक घरी गेले, त्यांनी मुंबईत आंदोलनं केली, आणि लॅबची काय अवस्था आहे ते कुठल्याही अनुदानित शाळेत जाऊन बघा, मॉनिटरवर कापड टाकलेलं असतं. यूपीएस बंद. एक खोली अडकून पडलेली. मशीन आली पण माणूस टिकवला नाही म्हणून मशीनही गेली. नवीन तास वेळापत्रकात टाकला आणि शिकवायला माणूस दिला नाही तर तो पीटीच्या तासासारखा गणिताच्या सरांकडे जाणार, हे मी आत्ताच लिहून देते.

दुसरं उदाहरण सायबर जागरूकता दिवसाचं. २०२१ पासून दर महिन्याच्या पहिल्या बुधवारी तो साजरा करायचा असं केंद्राचं पत्रक आहे. कल्पना किती चांगली, महिन्यातून एकदा नियमित! पण त्यासोबत ना पैसा आला ना माणूस. मग होतं काय, तर परिपाठाला दोन मिनिटं प्रतिज्ञा, बॅनर धरून फोटो, फोटो लिंकवर अपलोड, अहवाल रवाना. शिक्षकांना दोष देऊ नका प्लीज, आमच्यावर आधीच इतकी ऑनलाइन माहिती भरायची असते की शिकवायला वेळ चोरावा लागतो. ज्या कामाला पैसा नाही ते काम फोटोपुरतंच उरतं, हे शिक्षण खात्यात राहिलेल्या कुणालाही पटेल.

आणि जिथे पैसा आला तिथे तो कशाच्या बदल्यात दिला हेही बघायला हवं. वर सांगितलेली डिजिटल साक्षरता योजना, वीस तासांचा कोर्स होता, ३१ मार्च २०२४ ला संपली तोपर्यंत देशभरात ६ कोटी ३९ लाख लोकांना प्रशिक्षण दिल्याची नोंद आहे. फार मोठं काम आहे, आणि गावागावातल्या कॉमन सर्व्हिस सेंटरवाल्या पोरांनी ते ओढलं. पण सेंटरला पैसे मिळायचे ते उमेदवार परीक्षा पास होऊन सर्टिफिकेट आलं की. मग सगळ्यांचं लक्ष सर्टिफिकेटवर जाणारच ना, तो माणसाचा स्वभाव आहे. आमच्या बचत गटात अशा ताई आहेत ज्यांच्याकडे ते सर्टिफिकेट लॅमिनेट केलेलं आहे आणि पिन मात्र दुकानदाराला सांगतात, कारण स्वतः दाबायची भीती वाटते. त्या ताईंना कमी लेखू नका, त्यांना कुणी परत भेटायला आलंच नाही. हे शिक्षण एकदाच देऊन भागत नाही. चोर दर दोन महिन्यांनी नवीन काहीतरी काढतो. आधी केवायसी, मग लाइट बिल, मग डिजिटल अरेस्ट, म्हणजे तोतया पोलीस व्हिडिओ कॉलवर अटकेची भीती घालून पैसे काढतात ते, आता व्हॉट्सॲपवर एपीके फाइल, म्हणजे उघडली की फोनमध्ये ॲप टाकणारी फाइल, कधी आरटीओच्या चलनाच्या नावाने, कधी पीएम किसानच्या, लग्नसराईत तर चक्क लग्नपत्रिका म्हणून. पत्रिका आली म्हटल्यावर कोण उघडणार नाही सांगा. आम्ही त्यावर एकच ओळ शिकवतो, फोन विचारतो ना "अज्ञात स्रोतावरून ॲप इन्स्टॉल करू द्यायचं का", तिथे थांबायचं, पत्रिका कधी इन्स्टॉल करावी लागत नाही. पण ही ओळ सहा महिन्यांनी जुनी होणार, तेव्हा दुसरी सांगायला कुणीतरी परत जायला हवं.

म्हणून माझा हिशोब ऐका. महाराष्ट्रात ३५८ तालुके आहेत. प्रत्येक तालुक्याला एक पूर्णवेळ सायबर शिक्षक नेमा, बारा महिने, महिना तीस हजार पगार. वर्षाचे एकाला ३ लाख ६० हजार, सगळे मिळून साधारण १२ कोटी ८९ लाख. प्रवास, छपाई, एखादा प्रोजेक्टर, ट्रेनिंग धरून वीस कोटी म्हणा. ज्या राज्याने ८३७ कोटींचा प्रकल्प मंजूर केला त्या राज्याला दरवर्षी वीस कोटी जड आहेत का? एका माणसाचं काम काय, तर आठवड्यातले चार दिवस शाळा-कॉलेज, एक दिवस बचत गट किंवा ज्येष्ठ नागरिक, बाजाराच्या दिवशी बँकेच्या बाहेर टेबल टाकून बसायचं. वर्षभरात तालुक्यातल्या प्रत्येक गावात एकदा तरी जायचं. आणि तालुक्यातल्या लोकांना त्याचं नाव आणि नंबर माहिती पाहिजे, जसा ग्रामसेवकाचा असतो.

माणसं मिळतील का? ते आंदोलन करणारे कंत्राटी संगणक शिक्षक आहेतच की. उमेदमध्ये, म्हणजे बचत गटांच्या सरकारी अभियानात, काम करणाऱ्या बँक सखी आहेत, त्या तर बँकेत बसूनच बायकांची कामं करून देतात, त्यांच्यावर लोकांचा विश्वास आहे. फक्त कृपा करून हे काम आशा ताईंच्या आणि अंगणवाडी सेविकांच्या डोक्यावर अजून एक मानधन नसलेलं ओझं म्हणून टाकू नका. सरकारकडे योजनांच्या प्रचारासाठी कलापथकं असतात, भारूड, पोवाडा करून गावात सांगतात, त्यांना हा विषय द्या, डिजिटल अरेस्टवर भारूड केलं तर चावडीवर कसं जमेल! तोतया इन्स्पेक्टर, व्हिडिओ कॉल, घाबरलेले गुरुजी, सगळं नाट्य तयारच आहे.

पैशाचा अजून एक मार्ग आहे जो फार कमी लोकांना माहितीये. बँकेत दहा वर्षं कुणी हात न लावलेल्या ठेवी रिझर्व्ह बँकेच्या एका फंडात जमा होतात, ठेवीदार शिक्षण आणि जागरूकता निधी असं त्याचं नाव, २०१४ पासून आहे. मार्च २०२४ अखेर त्यात ७८,२१३ कोटी होते. मूळ ठेव वारसांची, ती मागितली की परत द्यावीच लागते, त्यावर हक्क सांगायचा नाहीच, पण हा फंड मुळात ठेवीदारांच्या शिक्षणासाठी काढलेला आहे. त्यातून आर्थिक साक्षरता केंद्रं चालतात, साधारण तीन तालुक्यांमागे एक. तुमच्या तालुक्याचं केंद्र कुठे आहे ते बघा, आम्ही शोधलं तेव्हा कळलं की तिथली दोन मुलं खरोखर गावोगाव जातात, बाइकवर फ्लेक्स बांधून, विमा, कर्ज, पेन्शन, सगळंच त्यांनी सांगायचं. त्याच मुलांची संख्या वाढवा, त्यांना सायबरचं वेगळं प्रशिक्षण द्या, फंड तर आहेच.

एक गोष्ट मात्र ठासून सांगते. शिक्षण द्या म्हणजे बँकांची आणि कंपन्यांची जबाबदारी संपली असं नाही. यूपीआयवर अनोळखी माणूस पैसे "मागू" शकायचा, लोकांना वाटायचं पैसे येतायत आणि ते पिन टाकायचे. आम्ही वर्षानुवर्षं घसा कोरडा करून शिकवलं की पैसे घ्यायला पिन लागत नाही. आणि मग यूपीआय चालवणाऱ्या एनपीसीआयने १ ऑक्टोबर २०२५ पासून व्यक्तीकडून व्यक्तीला अशी मागणी पाठवायची सोयच बंद केली. एका नियमाने ते झालं जे आमच्या शेकडो वाक्यांनी झालं नव्हतं. मला त्याचा खूप आनंद झाला. जिथे दार बंद करता येतं तिथे ते बंदच करायला हवं, शिकवण्याचा पैसा उरलेल्या गोष्टींसाठी.

आणि हे शिकवणं उपयोगी पडतंय की नाही ते मोजायचं कसं, तर हजेरीपटावर नाही. पोर्टलवर प्रत्येक तक्रारीत पैसे किती वाजता गेले आणि तक्रार किती वाजता आली हे दोन्ही असतं. तालुक्यानुसार त्या दोन वेळांमधलं अंतर काढा, कुणाचंही नाव नको, नुसतं अंतर, आणि ते जाहीर करा. ज्या तालुक्यात ते दोन दिवसांवरून दोन तासांवर आलं तिथल्या शिक्षकाला पुढच्या वर्षी चालू ठेवा. डेटा सरकारकडे आहे, यासाठी नवीन सॉफ्टवेअरही नको.

आम्ही आमच्यापुरतं काय करतोय तेही सांगते. राज्याचा निर्णय होईल तेव्हा होईल, पण जिल्हा वार्षिक योजनेत नावीन्यपूर्ण योजना म्हणून एक भाग असतो, जिल्हा नियोजन समिती, म्हणजे डीपीसी, त्याला मान्यता देते. सीसीटीव्ही, पोलिसांच्या गाड्या अशा गोष्टींना डीपीसीतून पैसे मिळतात, तर एका तालुक्यात एक सायबर शिक्षक वर्षभर, पायलट म्हणून, याला का मिळू नयेत? आम्ही प्रस्ताव लिहून एका कार्यालयात दिला, तिथून उत्तर आलं की मानधनावर खर्च या योजनेत बसत नाही, साहित्य खरेदी असेल तर बघू. म्हणजे टॅबलेट मागा, मिळतील, टॅबलेट हातात घेऊन शिकवणारा मागू नका. आता आम्ही प्रस्ताव बदलून "प्रशिक्षण सेवा" म्हणून टाकतोय, संस्थेमार्फत, प्रति सत्र दर लावून, आणि सोबत तालुक्यातल्या तेरा ग्रामपंचायतींचे ठराव जोडतोय, १ मेच्या ग्रामसभेत अजून काही होतील.

तुमच्या जिल्ह्यात कुणी डीपीसीतून किंवा पंधराव्या वित्त आयोगाच्या ग्रामपंचायत निधीतून असं शिकवण्याचं काम मंजूर करून घेतलं असेल, कितीही छोटं असलं तरी, तर मला त्याच्या प्रशासकीय मान्यतेची प्रत हवीय. कुठल्या शीर्षाखाली टाकलं, दर काय धरला, ऑडिटला काय आक्षेप आला, एवढं कळलं तरी आमचा पुढचा कागद नीट लिहिता येईल. आणि ज्यांना स्वतःच्या गावात सत्र घ्यायचंय त्यांना आमचा सरावाचा कागद, तो १९३० वाला, मोठ्या अक्षरात छापलेला, लगेच पाठवते.